तू कोण उरशील?

पंचवटी, नाशिक

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालास, "ताईचं जातीबाहेरचं लग्न मी मान्य केलं, तर मी कोण उरलो?" तुझ्या रागाखालची भीती मला ऐकू आली, म्हणून लिहिते.

मी राहते त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्याबरोबर हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष मंदिरप्रवेशासाठी आले, तर दरवाजे बंद. ते चारही दरवाजांसमोर बसले. ९ एप्रिलला रामाचा रथ सवर्ण आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचं ठरलं होतं. ते मोडलं, दगडफेक झाली. दगड मारणारे घरी बायकामुलांवर माया करणारेच असतील. पण रथाच्या दोराला दुसऱ्याचा हात लागला तर आपण संपलो, असं त्यांना मनापासून वाटलं. आज मंदिरात कुणीही जातं. ज्यांनी अडवलं त्यांची नातवंडं आपापल्या आडनावांनिशी, आपापल्या देवघरांसह इथेच नांदताहेत. कुणीही संपलं नाही.

आता दुसरी बाजू बघ, मला ती जास्त मोलाची वाटते. जिच्यासाठी माणसांनी मार खाल्ला, त्या मंदिरप्रवेशाच्या मागणीलाही बाबासाहेब चिकटून बसले नाहीत. ३ मार्च १९३४ ला त्यांनी दादासाहेबांना पत्र लिहिलं. आपल्या लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी नव्हे, तर त्यांना जागं करण्यासाठी हा लढा उभारला होता, ते काम झालं, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवू, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. मार्ग बदलला म्हणून ते कमी आंबेडकर झाले का? माणसाची प्रतिष्ठा हे ध्येय पक्कं होतं, म्हणून बाकी सगळं तपासून पाहण्याची मोकळीक त्यांच्याकडे होती.

तुझं असं पक्कं काय आहे, सोनू? मला विचारशील तर, आजोबांच्या आजारपणात त्यांचं सगळं करणारा तू, ताईच्या फीसाठी गाडीचे पैसे देऊन टाकणारा तू. यात जात कुठेच नव्हती.

ताई येत्या रविवारी तिच्या जोडीदाराला घेऊन माझ्याकडे जेवायला येते आहे. तूही ये. तो काय काम करतो, कशापायी त्याची झोप उडते, ते विचार. तरीही नकारच द्यायचा असेल, तर त्याचं कारण ताईच्या डोळ्यांत बघून सांग.

तुझी,
मावशी