दूरदर्शन, मूल आणि घराचे वळण

चलच्चित्राशी नाशिक जिल्ह्याचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांच्या घरातील मुले केवळ प्रेक्षक नव्हती; ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटात त्यांची कन्या मंदाकिनी हिने कृष्णाची भूमिका केली होती. चित्र कसे घडते, हे त्या मुलांनी घरातच पाहिले. आज चित्र घरोघरी पोहोचले आहे. ते डोळसपणे पाहण्याचे शिक्षण मात्र प्रत्येक घरात मिळतेच असे नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभीच्या काळात संच मोजक्याच घरी असत आणि मुले वडीलधाऱ्यांसमवेत ठरावीक वेळीच कार्यक्रम पाहत. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या वाढल्या आणि पुढे मोबाईलमुळे पडदा थेट मुलाच्या हाती आला. वेळेचे बंधन गेले. वडीलधाऱ्यांची सोबतही सुटली.

मूल सांगितलेले कमी ऐकते, पाहिलेले अधिक उचलते. मालिका पाहत जेवणाऱ्या घरात मुलालाही पडद्याविना घास उतरत नाही. दिंडोरी-निफाड भागात द्राक्षहंगामात आईवडील दिवसभर बागेत राबतात, तेव्हा मुलाला रमविण्याचे काम संचावर येऊन पडते. तेथे पालकांना दोष देण्याऐवजी अंगणवाडी, वाचनालय व क्रीडांगण यांची जोड दिली पाहिजे.

दोन ते चार वर्षांच्या बालकांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले. तथापि, किती वेळ पाहिले याइतकेच कोणासमवेत पाहिले यालाही महत्त्व आहे. शाळा बंद असताना जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तीत घरच्या मंडळींनी मुलांसह करावयाच्या कृतींवर भर होता. पाहणे तेथे शिकणे झाले.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये आणखी एक वाट दाखविली. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचे गावाने ठरविले. हा नियम मुलांपुरता नव्हता. थोरांनीही तो स्वीकारला, हेच त्याचे मर्म होय.

नाशिक जिल्ह्यातील ग्रामसभा व शिक्षक-पालक सभांनी असा प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. मुलाच्या हातून मोबाईल घेण्यापूर्वी मोठ्यांनी आपला खाली ठेवला, तर निम्मे कार्य तेथेच साधेल.