आश्विनाच्या उन्हात हिरवे होणारे पाणी

भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो, वारा पडतो, आणि आश्विनाचे कडक ऊन साचलेल्या पाण्यावर दिवसभर तळपू लागते. अशा दिवसांत गिरगावातील वाड्यांच्या उघड्या विहिरींवर, दादर-परळच्या गच्च्यांवरील कमळांच्या टबांत किंवा झाडांसाठी भरून ठेवलेल्या पिंपांत हिरवा तवंग दिसू लागला, तर नेहमीचे शेवाळ समजून त्याकडे काणाडोळा करू नये, अशी बागाईतदार मंडळींस आग्रहाची सूचना आहे.

वाळकेश्वरच्या बाणगंगेत सर्वपित्री अमावास्येनंतर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून वारंवार येतात. पाण्यात सोडलेले अन्न कुजताना प्राणवायू संपतो, हे त्याचे मुख्य कारण होय; तो दोष शैवालाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. मात्र तेच अन्न, निर्माल्य आणि कुंड्यांतून झिरपणारे खत पाण्यास नत्र व स्फुरद मुबलक पुरवतात, आणि त्यावरच नीलहरित शैवाल, ज्याची गणना शास्त्रज्ञ जिवाणूंत करतात, फोफावते. हे कुळ सरसकट वैरी नव्हे. भातखाचरात त्यातील काही जाती हवेतील नत्र बांधून देतात, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले, आणि लालबाग-परळच्या ज्या कुटुंबांची कोकणात भातशेती आहे, त्यांच्यावर या कुळाचे उपकारच आहेत.

विषारी जातींची बाब वेगळी. मायक्रोसिस्टिस या जातीचे मायक्रोसिस्टिन नावाचे विष यकृताच्या पेशी ढासळवून आतल्या आत रक्तस्राव घडविते, तर ॲनाटॉक्सिन मज्जातंतूंवर आघात करून श्वास बंद पाडते. ऑस्ट्रेलियातील एका सरोवराचे पाणी पिऊन गुरे व मेंढ्या दगावल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ सालीच प्रसिद्ध केली होती. आणि १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरी असे दूषित पाणी डायलिसिससाठी वापरले गेल्याने ५०हून अधिक रुग्ण प्राणास मुकले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरमागे अवघी १ मायक्रोग्रॅम सुचविली आहे, त्यावरून त्याच्या तीव्रतेची कल्पना यावी.

ओळख पटविण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. काठीने ढवळून पाहावे: साधे शेवाळ केसांच्या बटांसारखे काठीवर लोंबते, नीलहरित शैवालाचा बहुधा नुसता रंगासारखा लेप बसतो. हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरावी, झाकण लावून रात्रभर निश्चल ठेवावी. सकाळी हिरवे कण तळाशी न बसता वर तरंगून आलेले दिसले, तर संशय बळावला असे समजावे, कारण मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात.

येथे पुष्कळांची चूक होते ती अशी, की तवंग दिसताच ते मोरचूद टाकतात, आणि दोन दिवसांत पाणी निवळले म्हणून निर्धास्त होतात; वस्तुतः पेशी फुटताच आतले विष पाण्यात उतरते आणि दिसेनासे होऊन तेथेच राहते. उकळण्यानेही ते नष्ट होत नाही. तेव्हा टब-पिंपांचे पाणी उपसून टाकावे, भांडे घासून वाळवावे, झाकण अथवा सावलीची तजवीज करावी, आणि खताचा हात आखडता घ्यावा. संशयित पाणी पालेभाज्यांवर शिंपडू नये. त्यातील माशांचे यकृत व आतडी खाऊ नयेत.

दिवाळीला गावी जाणाऱ्यांनी शेततळ्याच्या ज्या काठाशी वारा तवंग ढकलून नेतो, तेथे गुरांना पाणी पाजण्याची मनाई करावी. पाणी प्यायल्यावर जनावर सुस्तावले, लटपटू लागले किंवा त्याला कापरे भरले, तर हयगय न करता पशुवैद्यास पाचारण करावे. मुंबईत पाळलेल्या कुत्र्यास असे झाल्यास परळचे बैलघोडा हॉस्पिटल गाठावे. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत, काळ्या कागदात गुंडाळून, थंड ठेवून सोबत न्यावा.