मॅन्युअल आहे, तरी एजंट चुकतो

प्रश्न : रंगाच्या कोडवरून नमुनापट्टी बनवणारं छोटं टूल मी लिहिलं आहे. एआय एजंट ते वापरतो, पण कधी '#८०००००' ऐवजी नुसतं 'मरून' पाठवतो, कधी '#८००'. सविस्तर मॅन्युअल असूनही असं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : काळजी नको, तुमचं टूल बिघडलेलं नाही. मॅन्युअल माणसांसाठी ठीक. एजंटपुढे बहुधा टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा एवढंच येतं. नियम तिथेच लिहा : '# आणि पुढे नेमकी सहा अक्षरं, ० ते ९ किंवा ए ते एफ'. सोबत एक उदाहरण द्या. '#८००' फसवं आहे. सीएसएसमध्ये त्याचा अर्थ '#८८००००', म्हणजे किंचित वेगळा मरून, जो नजरेला कळणारही नाही! त्यामुळे टूलने असं इनपुट गुपचूप दुरुस्त करू नये. 'सहा अक्षरी कोड द्या' असा स्पष्ट एरर परत पाठवावा. तो वाचून एजंट बहुतेकदा स्वतःच सुधारतो. टूल पट्टी फाइलमध्ये जतन करत असेल, तर त्याच नावाची जुनी फाइल पुसली जाते का, हेही वर्णनात सांगा. आणि पट्टी छपाईसाठी असेल, तर आधी प्रूफ काढा. स्क्रीनवरचा आरजीबी रंग शाईत जसाच्या तसा उतरत नाही.