परमुलखात प्रौढांची शाळा

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, काही कारणाने शाळा सुटलेली माणसे पुढे पुन्हा पुस्तक हाती घेतात, तेव्हा त्यांच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात : वेळ कोठून काढावा, पैसा कोठून आणावा आणि लोक काय म्हणतील? हे प्रश्न तुमच्या परिचयाचे आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या प्रौढांना तेथील भाषा शिकताना याच प्रश्नांना तोंड द्यावे लागते. ऑस्ट्रेलिया देशाने या बाबतीत पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जो प्रयत्न चालवला आहे, त्याची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• स्थलांतरितांच्या भाषाशिक्षणाची गरज स्पष्ट करता येईल;
• ‘परवडणारा वर्ग’ म्हणजे काय, ते सांगता येईल;
• वर्ग निवडताना करावयाच्या चौकशीची यादी तयार करता येईल.

मूळ पाठ

१. भाषा आणि स्वावलंबन

समजा, सोलापूरकडची एखादी गृहिणी पतीच्या नोकरीमुळे मेलबर्नला गेली. ती मराठी उत्तम लिहिते-वाचते, हिशेबात चोख आहे. परंतु इंग्रजी बोलण्याचा सराव तिला नाही. दवाखान्यात आपले दुखणे सांगण्यासाठी तिला पतीची वाट पाहावी लागते. शाळेतून आलेली चिठ्ठी मुलाकडूनच वाचून घ्यावी लागते. ज्या आईने मुलाचा अभ्यास घ्यावयाचा, तिचा दुभाषी मूलच होते. येथे उणीव भाषेची असते. पण लोक ती बुद्धीची समजतात आणि कालांतराने त्या व्यक्तीलाही तसेच वाटू लागते. म्हणूनच प्रौढांच्या भाषावर्गाकडे चैन म्हणून पाहता येत नाही.

२. छावणीतील धडे

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, तेव्हा युरोपात लक्षावधी लोक बेघर झाले होते. ऑस्ट्रेलियाला कामकरी माणसांची निकड होती. १९४७ च्या अखेरीस बाल्टिक देशांतील निर्वासितांची पहिली तुकडी बोटीने तेथे पोहोचली. व्हिक्टोरिया राज्यातील बोनेगिला येथील छावणीत तिची सोय झाली आणि तेथेच इंग्रजीचे धडे सुरू झाले. १९४८ पासून प्रौढ स्थलांतरितांच्या इंग्रजी शिक्षणाचा सरकारी कार्यक्रम रीतसर चालू झाला. येणाऱ्या बोटींवर वर्ग भरत, रेडिओवरून पाठ ऐकवले जात आणि टपालानेही धडे पाठवले जात. कामकऱ्याला शाळेपर्यंत येता येत नसेल, तर शाळेनेच त्याच्यापर्यंत जावे, हा त्यामागील विचार. तुम्ही ज्या मुक्त शिक्षणाचा लाभ घेत आहात, त्याच्या मुळाशीही हाच विचार आहे.

३. तासांची मर्यादा

१९७१ मध्ये या शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९९० च्या दशकात विनामूल्य शिक्षणावर साधारणपणे ५१० तासांची मर्यादा आली. मायदेशी शालेय शिक्षण पूर्ण केलेल्याला एवढ्या तासांत बरीच मजल मारता येई. मात्र ज्याने मातृभाषेतही कधी लेखणी धरली नव्हती, त्याचे तास अक्षरओळखीतच सरत. सर्वांना समान तास देणे म्हणजे सर्वांना समान संधी देणे नव्हे, हे यावरून लक्षात येते. २०२१ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि नोकरी-व्यवसायास पुरेल इतक्या इंग्रजीपर्यंत शिकण्याची मुभा मिळाली.

४. शुल्काखेरीजचा खर्च

शुल्क माफ झाले म्हणजे वर्ग परवडला, असे होत नाही. पहाटे साफसफाईच्या कामावर जाणाऱ्याला सकाळचा वर्ग निरुपयोगी ठरतो. तान्हे मूल असलेल्या आईने वर्गाला जायचे, तर मूल कोणाजवळ ठेवायचे? बसचे भाडे आणि बुडालेली मजुरी हाही खर्चच. या कार्यक्रमात शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना वर्गाच्या वेळेत विनामूल्य सांभाळण्याची सोय केलेली आहे. काही ठिकाणी संध्याकाळचे वर्ग भरतात, दूरशिक्षणाचा पर्याय असतो आणि स्वयंसेवक शिक्षकांची मदतही मिळू शकते.

हा लाभ कायम वास्तव्याचा व काही ठरावीक तात्पुरते व्हिसा असणाऱ्यांनाच मिळतो. मुलांना भेटायला गेलेल्या आई-वडिलांना पर्यटक व्हिसावर तो मिळत नाही. अशांना सार्वजनिक ग्रंथालयांतील संभाषणगटांचा आधार घेता येतो. व्हिक्टोरियात ‘नेबरहुड हाऊस’ नावाची वस्तीकेंद्रे आहेत. तेथेही अल्प शुल्कात वर्ग चालतात.

५. निवड करताना

जाहिरात पाहून पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टींची चौकशी अवश्य करावी. आपण विनामूल्य वर्गास पात्र आहोत का? नावनोंदणीस मुदत आहे का? प्रवेशापूर्वी आपली पातळी तपासली जाते का? एका वर्गात किती विद्यार्थी असतात? वर्ग सोडावा लागल्यास शुल्क परत मिळते का? शक्य असल्यास एक दिवस वर्गात बसून पाहावे. जेथे शिक्षकच सारा वेळ बोलतो, तेथे शिकणाऱ्याची जीभ वळणार कशी? ‘महिन्यात अस्खलित इंग्रजी’ अशा आश्वासनांपासून तर दूरच राहावे.

नवी भाषा शिकताना चुका होणारच. लहान मूल बोबडे बोलते, तेव्हा आपण कौतुक करतो. प्रौढ माणूस अडखळतो, तेव्हा मात्र हसतो. हे हसू शुल्कापेक्षाही अधिक जणांना वर्गापासून दूर ठेवते. आपल्या गावात, आपल्या कारखान्यात परप्रांतातून आलेला माणूस मोडकेतोडके मराठी बोलू लागला, तर त्याला धीर देणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ

परमुलूख – परका प्रदेश; निकड – तातडीची गरज; दुभाषी – एकाचे बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा; मुभा – मोकळीक; अस्खलित – न अडखळता.

पाठगत प्रश्न

१. निर्वासितांची पहिली तुकडी कोणत्या छावणीत राहिली?
२. ५१० तासांची मर्यादा कोणाला अधिक जाचक ठरली? का?
३. योग्य पर्याय निवडा : पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना (अ) सरकारी वर्ग (आ) ग्रंथालयातील संभाषणगट उपयोगी पडतो.

स्वाध्याय

१. ‘शुल्क माफ झाले म्हणजे वर्ग परवडला, असे होत नाही.’ हे विधान तुमच्या अनुभवाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरात परप्रांतातून आलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. येथील भाषा शिकताना तिला आलेल्या अडचणी लिहून काढा.