मोतीच्या रक्षेची हकीकत

घरातले कुत्रे किंवा मांजर गेल्यावर त्याच्या कलेवराचे काय करावयाचे हा प्रश्न ज्या घटकेस उभा राहतो, ती घटका कोणताही निर्णय करण्यास सर्वथा अयोग्य असते. म्हणून ज्यांच्या घरचे जनावर आज धडधाकट आहे त्यांनी तो आजच सोडवून ठेवावा, एवढ्याकरिता आमच्या मोतीची हकीकत मी येथे लिहीत आहे.

मूत्रपिंडाच्या विकाराने दीर्घकाळ आजारी असलेला मोती आषाढातील एका रात्री गेला. सोसायटीच्या आवारात दफनास मनाई होती. थोरल्या बंधूंनी कोकणातील घराच्या परसात पुरण्याचे सुचविले. परंतु तिथल्या जांभ्यात पुरेसे खोल खणणे मुश्कील, आणि पावसाने विहीर काठोकाठ भरलेली. सबब शहराबाहेरील एका खासगी दहनगृहात त्याला नेले. तेथील कारकुनाने छापील अर्ज पुढे केला, सही घेतली आणि पावती दिली. पुढे रक्षा आणावयास गेलो तेव्हा समजले की ते दहन ‘सामुदायिक’ होते, म्हणजे अनेक कलेवरे एकाच वेळी भट्टीत घातलेली, आणि त्यातून एकाची रक्षा निराळी काढणे अशक्य. अर्जातील बारीक अक्षरांत तसे कलम होते खरे. पण तोंडी त्याचा उच्चार कोणीही केला नव्हता. मुलीने रक्षेकरिता तांब्या घासून नेला होता. तो तसाच परत आणावा लागला, आणि वाटेत तिच्याशी काय बोलावे हे मला सुचेना.

तेव्हा दहन करावयाचे ठरल्यास ते स्वतंत्र की सामुदायिक, भट्टीत ठेवतेवेळी घरच्या माणसास उपस्थित राहता येईल काय, कलेवरास ओळखचिठ्ठी बांधतात काय, आणि रक्षा केव्हा मिळेल, याची शहानिशा आधीच करावी व उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. मुंबई महानगरपालिकेने २०२३ साली मालाड येथे पाळीव प्राण्यांसाठी वायूवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. आपल्या शहरात तशी सोय आहे किंवा नाही, हे पालिकेच्या पशुवैद्यकीय खात्याकडे विचारावे.

ज्यांना स्वतःची जमीन आहे त्यांना दफनाचा मार्ग मोकळा आहे, आणि बैलाला आपल्याच शेतात माती देणाऱ्या शेतकऱ्याइतके त्याचे मोल कोणी जाणत नसेल. मात्र खड्डा निदान तीन-चार फूट खोल असावा, विहीर व ओढा यांपासून दूर असावा, आणि कलेवर सुती कापडात गुंडाळावे. प्लास्टिकच्या गोणीत ते मातीला मिळत नाही. जनावरास इंजेक्शन देऊन वेदनामुक्त केले असेल, तर ही दक्षता दुप्पट हवी, कारण त्यासाठी वापरली जाणारी काही औषधे मांसात टिकून राहतात आणि ते उकरून खाणारे प्राणीही त्यामुळे दगावू शकतात. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुराढोरांची कलेवरे खाऊन मूत्रपिंडे निकामी झालेली आपल्या देशातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली, तेव्हा कोठे २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. एवढी किंमत मोजून मिळालेले हे ज्ञान विसरण्याजोगे नाही. पिसाळल्याचा संशय असेल, तर उघड्या हाताने स्पर्शही न करता पशुवैद्यास व पालिकेस तात्काळ वर्दी द्यावी.

रात्रीच्या अंधारात गोणी नदीत सोडण्याची किंवा कचराकुंडीजवळ ठेवण्याची जी रीत शहरांत दिसते, तिच्याविषयी मला तीव्र विषाद वाटतो. ती गोणी अखेरीस कोणी तरी उचलतोच. मेलेली ढोरे ओढण्याचे काम या महाराष्ट्रात शतकानुशतके एका समाजाच्या माथी मारले गेले होते, आणि ते झुगारून देण्याची हाक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना द्यावी लागली. त्याच भूमीत आपल्या लाडक्या जनावराचे कलेवर अनामिक सफाई कामगाराच्या हाती बेवारस सोपविणे मला अन्यायाचेच वाटते. पालिकेची गाडी बोलवावयाची असेल, तर रीतसर कळवावे, कलेवर नीट बांधून द्यावे, आणि ते कोठे नेणार हे विचारावे.

पहिल्या काही तासांविषयीही सांगितले पाहिजे. शरीर लवकरच ताठरते, म्हणून ते मऊ आहे तोवर पाय अलगद दुमडून निजल्यासारखे ठेवावे, खाली जुनी वर्तमानपत्रे घालावीत, आणि विलंब होणार असल्यास भोवती बर्फ रचावा. आपल्या हवेत सकाळपर्यंत थांबणेही कठीण जाते. घरातील मुलांना खोलीबाहेर काढू नये. पालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना असेल, तर तो मागाहून रद्द करून घ्यावा.

वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या लसीच्या वेळी पशुवैद्याकडे जाल तेव्हा, जनावर मांडीवर असतानाच, गावात स्वतंत्र दहनाची सोय कोठे आहे आणि रात्री कोणाला बोलवावयाचे हे विचारून घ्या, आणि तो पत्ता घरातील सर्वांना माहीत असू द्या.