नवे समुद्री मासे आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

बाजारातून आणलेले जनावर गोठ्यातील इतर गुरांत लगेच मिसळू नये, काही दिवस वेगळे बांधावे, हा नियम पशुपालकांस परिचित आहे. खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासे पाळणाऱ्यांनीही हाच नियम पाळणे अगत्याचे आहे. क्लाउन माशासारख्या समुद्री माशांचे टाकीत प्रजनन करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात यशस्वी करून दाखविले आहे. त्यामुळे किनाऱ्यावरील कुटुंबांना व बचत गटांना हा जोडधंदा करणे शक्य झाले आहे. या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे अंडी देणारी जोडी होय. अशी जोडी जमून ती नियमित अंडी देऊ लागण्यास अनेक महिने जातात. एखादा रोगट नवा मासा तिच्या टाकीत सोडला गेला, तर ही मेहनत थोड्या दिवसांत वाया जाऊ शकते.

रोगाचे कारण

समुद्री माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. हा रोग एका परोपजीवी सूक्ष्म जंतूमुळे होतो. १९५१ साली त्यास क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स असे शास्त्रीय नाव देण्यात आले. गोड्या पाण्यातील माशांसही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो, परंतु त्याचा जंतू निराळा आहे. गोड्या पाण्यात पाणी कोमट करणे व मीठ टाकणे हे उपाय चालतात. ते समुद्री माशांस लागू पडत नाहीत, हे कार्यकर्त्यांनी प्रथमच समजावून द्यावे.

जंतूचे जीवनचक्र

उपचाराची सारी गुरुकिल्ली या जंतूच्या जीवनचक्रात आहे. माशाच्या कातडीत व कल्ल्यांत शिरलेला जंतू साधारण ३ ते ७ दिवस तेथे पोसतो. नंतर तो मासा सोडून तळाशी जातो, वाळूस, दगडास किंवा काचेस चिकटतो व स्वतःभोवती कठीण कोष बनवितो. कोषात त्याचे विभाजन होऊन एका जंतूपासून शेकडोपर्यंत नवे जंतू तयार होतात. कोष फुटण्यास कमीत कमी ३ दिवस लागतात. बहुतेक कोष ४ आठवड्यांच्या आत फुटतात, परंतु काही ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या जंतूस एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर तो मरतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जंतू कातडीखाली किंवा कोषात असताना त्यास औषध बाधत नाही; पाण्यात मोकळा पोहत असतानाच तो मारता येतो. दुसरी, ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला असे नव्हे. जंतू केवळ मासा सोडून तळाशी गेलेले असतात, आणि काही दिवसांनी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने परत येतात. ‘मासे आपोआप बरे झाले’ असे समजून स्वस्थ बसणाऱ्यांचेच नुकसान अधिक होते.

लक्षणे

पुष्कळदा रोग प्रथम कल्ल्यांत शिरतो व अंगावर ठिपके दिसत नाहीत. मासा जलद श्वास घेतो, दगडास अंग घासतो, कोपऱ्यात राहतो, खाणे सोडतो. पुढे डोळे गढूळ होतात. यांपैकी एक लक्षण दिसताच सावध व्हावे.

विलगीकरण टाकी

प्रत्येक नवा मासा ३० दिवस वेगळ्या टाकीत ठेवावा. लहान माशांच्या जोडीस ६० लिटरची टाकी पुरते. तीत वाळू किंवा दगड घालू नयेत. आडोशासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे ठेवावेत. हवेचा पंप व स्पंजाची गाळणी लावावी. ही टाकी मुख्य टाकीपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत असावी, कारण बुडबुड्यांबरोबर उडणाऱ्या तुषारांतूनही काही परोपजीवी पसरतात. तिचे जाळे, बादली व नळी स्वतंत्र असावी. रोजचे काम आधी मुख्य टाकीचे व मग विलगीकरण टाकीचे करावे. उलट क्रम ठेवू नये. मासा ज्या पिशवीतून आला तिचे पाणी टाकीत ओतू नये. समुद्रफुले, शंख व दगड यांवरही कोष चिकटून येऊ शकतात, म्हणून तेही प्रथम माशांविना वेगळे ठेवावेत.

उपचार

(१) टाकीबदल. हा उपाय बिनऔषधी व अल्पखर्ची आहे. मासा आणल्याचा दिवस पहिला धरून ४ थ्या, ७ व्या, १० व्या व १३ व्या दिवशी तो धुऊन वाळविलेल्या दुसऱ्या टाकीत हलवावा. नव्या टाकीतील पाण्याची क्षारता व उष्णता पहिल्याइतकीच असावी आणि जुने पाणी कमीत कमी यावे. दोन बदलांत ७२ तासांहून अधिक अंतर पडू नये. माशावरून गळालेले जंतू जुन्या टाकीत राहतात व कोष फुटण्यापूर्वीच मासा तेथून निघून जातो. रिकामी टाकी, गाळणी व नळ्या धुऊन उन्हात पूर्ण वाळवाव्यात.

(२) क्षारता कमी करणे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते दोन दिवसांत हळूहळू १५ ग्रॅमवर आणावेत व ३ ते ४ आठवडे तसेच ठेवावेत. अशा पाण्याचे प्रमाण ३ भाग समुद्रपाणी व ४ भाग क्लोरीनरहित गोडे पाणी असे पडते. क्षारतामापकाने रोज मोजणी करावी. पूर्ववत क्षारता आणण्यास किमान एक आठवडा घ्यावा. समुद्रफुले, प्रवाळ व कोळंबी यांस हे पाणी मानवत नाही.

(३) ताम्र औषध. पाण्यात मुक्त ताम्राचे प्रमाण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतके ३ आठवडे राखावे लागते. शेतकऱ्यांच्या घरी मोरचूद असतो, परंतु तो अंदाजाने मुळीच टाकू नये. ६० लिटर पाण्यास प्रारंभी सुमारे ३५ मिलिग्रॅम मोरचूद पुरतो. एक चिमूट म्हणजे त्याच्या कित्येक पट होते व मासे मरतात. तपासणी संचाने दिवसातून दोनदा प्रमाण पाहणे शक्य असेल तरच हा उपाय योजावा. मुख्य टाकीत ताम्र कधीही टाकू नये. वाळू व प्रवाळाचे दगड ते शोषून घेतात आणि समुद्रफुले व कोळंबी मरतात. औषधाचे पाणी खाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नये.

मुख्य टाकीत रोग आल्यास

सर्व मासे, निरोगी दिसणारेसुद्धा, काढून उपचारास न्यावेत. मुख्य टाकी किमान ६ आठवडे, व शक्य तर ११ आठवडे, माशांविना ठेवावी. या काळात समुद्रफुले व शंख तेथे राहू शकतात, कारण हा जंतू त्यांच्यावर जगत नाही. एकही मासा मागे राहिल्यास चक्र चालूच राहते.

इतर रोगांशी गल्लत नको

अंगावर सोनेरी धुळीसारखा थर दिसत असेल व मासे झपाट्याने मरत असतील, तर तो अमायलोओडिनियम या जंतूचा रोग असण्याचा संभव आहे. त्यास क्षारता कमी करण्याचा उपाय चालत नाही, ताम्रच लागते. क्लाउन माशाच्या अंगावर दाट बुळबुळीत थर येऊन कातडी सुटत असेल, तर ब्रूकलिनेला या जंतूचा संशय घ्यावा. त्यावर ताम्रही चालत नाही. फॉर्मॅलिनचे स्नान द्यावे लागते व ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावे. शंका असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घेणे इष्ट होय. त्यासाठी रत्नागिरीजवळील शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाचा किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

तात्पर्य

रोग झालेला मासा बरा करणे कठीण व खर्चाचे असते. रोग टाकीबाहेर थोपविणे सोपे असते. एक जादा टाकी, एक जादा जाळे आणि ३० दिवसांचा धीर एवढ्यावर अंडी देणाऱ्या जोडीचे रक्षण होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवे केंद्र सुरू होताना मासे येण्यापूर्वी विलगीकरण टाकी मांडली आहे की नाही, हे पाहावे. ती नसेल तर माशांची खरेदी थोडी पुढे ढकलण्यास सांगावे. त्यात पालकाचे हितच आहे.