पुष्पप्रदर्शन आणि आमची कळी

मानवाला फुलांची ओढ फार प्राचीन काळापासून आहे. परंतु फूल पाहणारा आणि फूल पिकवणारा यांची दृष्टी एक नसते. हे मला गेल्या फेब्रुवारीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत उमगले. १८६२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुंबई महानगरपालिका तेथे पुष्पप्रदर्शन भरवते.

आम्ही चंदनसारचे. घरची लहानशी फुलांची वाडी आहे. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जाई-जुई, हिवाळ्यात कागडा. आई आणि मी अंधारातच कळ्या खुडतो; वडील त्या ओल्या फडक्यात बांधून विरारहून लोकलने दादरच्या फुलबाजारात नेतात. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर निघाले. करंडी दादरला उतरली. मी गाडी बदलून भायखळ्याला गेले.

प्रदर्शनात रंगीबेरंगी कुंड्या होत्या, वामनवृक्ष होते, फुलांनी सजवलेल्या प्रतिकृती होत्या. डोळे निवले. पण कागड्याची कळी मला कोठेच दिसली नाही. प्रथम वाईट वाटले. मग कारण ध्यानात आले. प्रदर्शनातले फूल पूर्ण उमललेले हवे आणि दोन-तीन दिवस टिकायला हवे. आमची कळी उमलली की तिचा भाव गेला. गजरा ओवणारीच्या हाती ती मिटलेली पोहोचावी लागते, आणि माळणारीच्या केसांत उमलावी लागते.

मग परदेशात काय रीत आहे, म्हणून वाचनालयात शोधले. हॉलंडमधील लिसे गावच्या कॉयकेनहोफ या जगप्रसिद्ध पुष्पोद्यानाचा पाया १९४९ साली घातला तो फुलझाडांचे कंद पिकवणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या २० जणांनी. १९५० पासून ते लोकांसाठी खुले आहे. आज तेथे दरवर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात. गंमत अशी, की कंदासाठी ट्यूलिप पिकवणारा तिकडचा शेतकरी शेतात फूल उमलले की त्याचा शेंडा छाटून टाकतो, म्हणजे सारे अन्न कंदात उतरते. त्याचाही माल फूल नव्हेच! तरीही आपला माल जगापुढे मांडण्यासाठी त्या व्यवसायातल्या लोकांनी फुलांची बाग स्वतःच उभारली. त्यांच्यात आणि आमच्यात फरक आहे तो एवढाच.

संध्याकाळी वडिलांनी विचारले, "आपला कागडा होता का गं तिथं?"

"नव्हता."

"बरंच झालं. उमलेपर्यंत थांबलो असतो, तर खाल्लं काय असतं?"

त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही वाटते, वसई-विरारच्या फूलउत्पादकांनी एकदा आपले प्रदर्शन स्वतः मांडावे: कळी, करंडी, ओले फडके आणि गजरा. मात्र ते पहाटे भरवावे लागेल आणि ऊन चढण्यापूर्वी उठवावे लागेल. पाहुण्यांनी तेवढे लवकर उठावे!

(द्वितीय वर्ष, कला)